नेपाळ २०१५: दुर्गम गावांसाठी 'एक खिडकी' मदतवाटप योग्य होतं का? (टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांचा वाद)

दरीकाठ
२५ एप्रिल २०१५ ला गोरखा जिल्ह्यात बारपाकजवळ ७.८ चा भूकंप झाला. सगळी मदत 'एक खिडकी'तूनच वाटायची, म्हणजे प्रमुख जिल्हा अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालच्या दैवी प्रकोप उद्धार समितीमार्फत (जिल्ह्याची आपत्ती मदत समिती), असं नेपाळ सरकारचं धोरण होतं. माझ्या मते डोंगराळ भागात हा हट्ट चुकीचा.

विमानतळ आणि हेलिकॉप्टरं एकाच्या हाती हवीत, त्यावर वाद नाही. काठमांडूला आंतरराष्ट्रीय धावपट्टी एकच, मोठी विमानं उभी करायला जागा मोजकी. त्या धावपट्टीचं नुकसान होऊ लागलं म्हणून मेच्या सुरुवातीला १९६ टनांवरच्या विमानांना मनाई करावी लागली. पण तोच खाक्या खाली गावापर्यंत चालवला की माल सदरमुकामी, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी, उतरतो, नोंदला जातो, बैठक होते, मग हलतो. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. हाताशी जेमतेम सहा आठवडे.

नोंदवही
असहमत. 'थेट गावात' म्हणजे प्रत्यक्षात ट्रक थांबतो तिथे. रस्त्याकडेच्या वस्तीला तीनदा तांदूळ मिळतो आणि वर चार तास चालून पोचायच्या वॉर्डात कोणी फिरकत नाही. एकत्र नोंद नसेल तर हे कळतही नाही.

दुसरं, मालाचा दर्जा. ४ × ६ मीटरची चांगली ताडपत्री २४ चौरस मीटर भरते. माणशी ३.५ धरले तर पाच जणांना १७.५ पुरतात, म्हणून घरटी एक पुरे असं लोक समजतात. आढं बांधून ती दोन्हीकडे उतरती टाकली की खालची वापराची जागा बरीच कमी होते. घरटी दोनच लागतात. हौशी मंडळी बाजारातलं पातळ निळं प्लास्टिक आणतात. काठाला कड्या नाहीत, पहिल्याच वादळात फाटतं.

दरीकाठ
नोंद हवीच, पण करणार कोण? २००२ पासून नेपाळात निवडून आलेले गावप्रतिनिधीच नव्हते. तेव्हाच्या गाव विकास समितीत नऊ वॉर्ड आणि त्यावर एक सचिव, तोही बऱ्याचदा सदरमुकामी. मग जुन्या कागदावरून यादी होते. चुली वेगळ्या झालेले तीन भाऊ त्यात एकच घर असतात, किंवा एका घराची रातोरात तीन होतात. वॉर्डातला मास्तर आणि आमा समूहाच्या (गावातल्या महिला गटाच्या) बायका यांना बसवा, अर्ध्या दिवसात खरी यादी मिळते. ती समितीला कळवा, पण समितीच्या मंजुरीसाठी माल अडवू नका.

खेचरवाट
तुम्ही दोघं यादीवर भांडताय. गाडं अडलं होतं पायवाटेवर. एमआय-१७ हेलिकॉप्टर कागदावर ४ टन उचलतं, पण उंची वाढली, हवा तापली की निम्म्यावर येतं. दुपारी ढग आणि वारा, म्हणून काम सकाळचंच. पंख्याच्या झोतात सुटा पत्रा उडाला तर माणूस कापला जाईल.

छपराच्या पत्र्याचा हिशोब घ्या. ५०० घरं, घरटी दोन बंडलं. एका बंडलात मिळून ७२ फूट लांबीचे पत्रे, वजन जाडीप्रमाणे ५० ते ६० किलो. म्हणजे साधारण ५५ टन. भरिया, म्हणजे ओझं वाहणारा हमाल, डोक्याच्या पट्ट्यावर ३० किलो नेतो, म्हणजे जवळपास २००० खेपा. खेचर ६० किलो नेतं, पण लांब पत्रा त्याच्यावर लादता येत नाही, कड्याच्या वळणावर टोक घासतं आणि जनावर बिथरतं. ६ फुटी पत्रे मागवा: बंडलात १२, भरियाला ६. छपरावर सांधे वाढतात, चालतं.

आणि आधी वाट दुरुस्त करा. जागतिक अन्न कार्यक्रमाने तेच केलं, गावकऱ्यांनाच मजुरी देऊन. १२ मेच्या ७.३ च्या धक्क्याने पुन्हा दरडी आल्या. त्यामुळे वाट दुरुस्तीची टोळी कायमच ठेवावी लागते. असारात (आषाढात) भातरोवणी लागली की भरिये शेतात जातात, हे वेळापत्रकात कोणीच धरत नाही.

नोंदवही
हे तर माझ्याच बाजूचं झालं! एका संस्थेने खेपेमागे जास्त दिले की दुसरीचे भरिये वाटेत ओझं टाकून जातात. दर एकानेच बांधायला हवा. हेलिकॉप्टरची सकाळही एकानेच वाटायची: आधी जखमी, मग तंबू-औषधं, तांदूळ शक्यतो पायी.

दरीकाठ
दर बांधा, मान्य. पण सदरमुकामी बसून नको. जिथे गाडी संपते आणि पायवाट सुरू होते, तिथे टेबल मांडा. तीन प्रतींची पावती करा: एक गोदामात, एक भरियाकडे, एक वॉर्डात. वॉर्डातली सही परत आल्याशिवाय मजुरी नाही. समितीचा माणूस त्या टेबलावर बसला तर माझी हरकत नाही.

नोंदवही
आणि वॉर्डातला मास्तर न मिळालेल्या मालावर सही करून मोकळा झाला तर? तपासायला वर जाणारं दुसरं माणूस कोणाचं?