‘अशील’ कोणाला म्हणावे?

प्रश्न : सोलापूरच्या न्यायालयाच्या आवारात हल्ली ‘पक्षकार’ हा शब्द अधिक ऐकू येतो, जुनी मंडळी मात्र ‘अशील’ म्हणतात. हे दोन्ही शब्द समानार्थी आहेत काय? आणि आपण वकील ‘दिला’ असे का म्हणतो?

उत्तर : समानार्थी नाहीत. पक्षकार म्हणजे दाव्यातील कोणतीही बाजू, मग तिच्याकडे वकील असो वा नसो. अशील हा मात्र नेहमी कोणा वकिलाचा अशील असतो. हा शब्द अरबीतून आला असून ‘अस्सल’ हा त्याचाच सगोत्र आहे. अशील म्हणजे मूळ माणूस आणि वकील म्हणजे त्याने आपल्या जागी उभा केलेला प्रतिनिधी. पेशव्यांचे दिल्लीतील वकील हिंगणे हे दावे चालवीत नसत, तर धन्याच्या वतीने दरबारात बोलत असत. इंग्रजी अमदानीत हाच शब्द सनद घेऊन न्यायालयात उभे राहणाऱ्या व्यावसायिकाला लागू झाला. ‘वकील दिला’ या प्रयोगात, माझ्या मते, हा जुनाच अर्थ आहे : अशील आपला माणूस न्यायालयाला देतो.

एकोणिसाव्या शतकातील सोलापुरात हा भेद व्यवहारात जाणवण्याजोगा होता. १८७५ च्या सावकारविरोधी दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा जो कायदा झाला, तो पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू होता, आणि त्याखालील शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत वकील किंवा मुखत्यार यांना सामान्यतः उभे राहता येत नसे. म्हणजे लहान कर्जाच्या दाव्यात कुळाला, म्हणजे कर्जदाराला, सहसा जातीनेच हजर व्हावे लागे, आणि तिथे पक्षकार असत, अशील नसत. शेतकऱ्याचा खर्च वाचावा हा हेतू चांगला होता खरा. पण कचेरीचे रीतिरिवाज पाठ असलेल्या सावकाराला वकिलावाचून फारसे अडत असेल, असे वाटत नाही. शहरातल्या वकिलाच्या हातची लहानसहान कामे मात्र त्यामुळे गेली असणार.

प्रश्न : मग मुखत्यार वेगळा कसा?

उत्तर : मुखत्यार म्हणजे अधिकार सोपविलेला माणूस; त्याला वकिलीची सनद असेलच असे नाही. आज दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ‘कुलमुखत्यारपत्र’ नोंदवितात आणि न्यायालयात ‘वकीलपत्र’ दाखल करतात, हा फरक त्यातूनच आलेला आहे.