भरवायचं काम तेवढं नको

थोरल्याला बाळाच्या कामात घेतलं की हेवा कमी होतो, असं म्हणतात, ते अगदी पटलं. आमची साडेतीन वर्षांची लेक दुपटी आणून देते, पाळण्याची दोरी ओढते. पण भरवायचं काम तिच्याकडं अजिबात देऊ नका. गेल्या महिन्यात रंकाळ्यावरून येताना भडंग आणलं होतं. मी कुकर लावायला वळले, तेवढ्यात तिनं मोठ्या मायेनं त्यातला शेंगदाणा ८ महिन्यांच्या भावाच्या तोंडात ठेवला. दोन दातांचं पोर, चावणार कशानं? रडणं नाही, खोकला नाही, आवाजच बंद.

सासूबाई बोट घालायला धावल्या, मी हात धरला. न दिसता बोट घातलं तर दाणा आणखी आत सरकतो. वर्षाच्या आतलं बाळ असं गुदमरलं तर हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, आणि दोन्ही खांद्यांच्या मधे तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं जोरात ५ थापा. नाहीच निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब, पुन्हा थापा. दुसऱ्यानं तोवर १०८ लावायचा. आमचा दाणा तिसऱ्या थापेला फरशीवर पडला आणि पोरानं टाहो फोडला. तो आवाज अजून कानात आहे. अख्खे दाणे थोरलीलाही इतक्यात देऊ नयेत, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. आता घरात कूटच.