बचत गटाच्या हिशेबावरून प्रोग्रामिंग शिकताना: २०० अधिक २०० म्हणजे २००२००?

प्रश्न (गटाची हिशेबनीस, वाई):

नमस्कार. माझे वय ४३ असून मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. संगणकाची ओळख एमएस-सीआयटीपुरतीच. आमच्या बचत गटात पंधरा जणी आहेत, प्रत्येकीची दरमहा २०० रुपये वर्गणी असते आणि कर्जाच्या शिल्लक रकमेवर आम्ही दरमहा २ टक्के व्याज घेतो. हा सारा हिशेब मी वहीत ठेवते आणि त्यासाठीचा प्रोग्राम स्वतःच्या हाताने लिहावा, अशी मनापासून इच्छा आहे. गेल्या वर्षी एका क्लासला जाऊन पाहिले, पण तेथे तिसऱ्याच आठवड्यात सी या प्रोग्रामिंग भाषेतील पॉइंटर, म्हणजे संगणकाच्या स्मृतीतील पत्ते, सुरू झाले आणि फळ्यावरचे उतरवून घेण्यापलीकडे काही हाती लागले नाही. आता घरी पायथन ही दुसरी भाषा शिकायला घेतली आहे. दोघींची वर्गणी विचारून बेरीज दाखवणारा चार ओळींचा प्रोग्राम लिहिला, दोन्ही वेळा २०० भरले, तर उत्तर ४०० ऐवजी २००२०० आले. माझे नेमके काय चुकले? आणि पायथनच पुढे न्यावे की पुन्हा सीकडे वळावे?

उत्तर १:

ताई, तुमची बेरीज बरोबर आहे, फक्त ती आकड्यांची झालेली नाही. ‘इनपुट’ ही आज्ञा आपण टंकलेले जे काही असेल ते अक्षरांची माळ म्हणूनच हाती देते, मग ते नाव असो वा रक्कम. आणि दोन माळांमध्ये अधिकचे चिन्ह आले की पायथन त्या एकमेकींना जोडतो. ‘इनपुट’भोवती ‘इंट’ लावा, म्हणजे त्या माळेची पूर्ण संख्या होईल आणि ४०० येतील. याच माळेत साधी ५० ही संख्या मिळवून पाहिलीत, तर मात्र पायथन ‘टाइपएरर’, म्हणजे प्रकार जुळत नाहीत, असे म्हणून थांबेल. तो संदेश आला तर घाबरू नका, शेवटची ओळ आधी वाचा. तुमच्या बाबतीत संदेश आलाच नाही आणि तरीही उत्तर चुकले, हे तुम्ही ओळखलेत, कारण ४०० हे उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक होते. म्हणून माझा आग्रह असा, की पहिले काही महिने तरी ज्याचे उत्तर वहीत लिहिलेले आहे असेच प्रोग्राम लिहावेत.

उत्तर २:

मी तंत्रनिकेतनात अनेक वर्षे सी शिकवली आहे, तरीही आपल्याला पायथनच सुचवेन. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये सी घडवली ती ऑपरेटिंग सिस्टिमसारखी कामे करण्यासाठी, त्यामुळे स्मृतीतील पत्ते हाताळणे तिच्यात टळत नाही. गीडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पायथनवर शिकवण्यासाठी रचलेल्या एबीसी या भाषेचा प्रभाव आहे. पॉइंटर जरूर शिकावेत, पण व्याजाच्या हिशेबात त्यांची गरज पडत नाही.

भाषेपेक्षा एक सवय मला अधिक मोलाची वाटते. ५००० रुपयांचे कर्ज, ५०० चे दहा हप्ते, हा प्रोग्राम लिहा आणि शेजारी कागदावर महिना, शिल्लक, व्याज असे तीन रकाने आखा. मग स्वतःच संगणक झाल्याप्रमाणे एकेक ओळ वाचत ते रकाने भरत जा. नुसते व्हिडिओ पाहून हे येत नाही. तरी मराठीतून ऐकायचे असेल, तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल पाहावे. तेथे प्रत्येक पाठ थांबवून सोबत टंकत जायचे असते.

उत्तर ३:

एक छोटी भर. व्याजात रुपयांच्या पुढचे सुटे पैसे येऊ लागले की सर्व रकमा रुपयांऐवजी पैशांत, म्हणजे पूर्ण संख्यांत ठेवा. दशांश अपूर्णांकांपैकी बरेचसे संगणकाच्या द्विमान पद्धतीत तंतोतंत मावत नाहीत, पायथनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली, तर शेवटी ४ असलेला सतरा दशांश स्थळांचा आकडा येतो. आणि आपल्याला आनंद वाटेल अशी गोष्ट: ‘इंट’ला देवनागरी अंक कळतात. गटातील एखादीने मराठी कळफलकावरून रक्कम भरली, तरी ती बरोबर वाचली जाते.

प्रश्नकर्ती:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘इंट’ लावताच ४०० आले. नंतर दहा हप्त्यांचा प्रोग्राम लिहिला. वहीप्रमाणे व्याज १००, ९०, ८० असे उतरत जाऊन एकूण ५५० व्हायला हवे होते, पण पडद्यावर ५४० आले. कागदावर रकाने भरत गेले तेव्हा दिसले, की दहावा महिना प्रोग्रामने घेतलाच नव्हता आणि त्याचेच १० रुपये कमी पडत होते. कोणत्या आकड्यापासून कोठवर मोजायचे ते सांगणाऱ्या ‘रेंज’मध्ये मी १ आणि १० लिहिले होते, तेथे शेवटचा आकडा धरला जात नाही, म्हणून ११ लिहायला हवे होते. ती चूक स्वतः सापडली, याचे समाधान फार मोठे आहे. आता पंधरा जणींच्या वर्गण्या ठेवायच्या आहेत. त्यांना पंधरा वेगवेगळी नावे द्यायची का?

उत्तर १:

नाही. त्यासाठी ‘लिस्ट’ शिका, म्हणजे एकाच नावाखाली पंधराही रकमा राहतील. मात्र तिच्यात मोजणी शून्यापासून होते, त्यामुळे पंधराव्या सदस्याची वर्गणी १४ या क्रमांकावर सापडेल. तो प्रोग्राम लिहिताना कागदावरच्या रकान्यांत हा क्रमांकही मांडा.