लोकसभेला छोट्या पक्षाचा उमेदवार : अर्ज बाद होऊ नये म्हणून काय बघायचं?

रानवाट :
पक्ष नोंदणीकृत आहे, पण मान्यताप्राप्त नाही. महाराष्ट्रातल्या एका जागेवर दोन मोठ्या आघाड्यांसमोर लोकसभेचा उमेदवार द्यायचाय. त्याचं नाव मात्र दुसऱ्या जिल्ह्याच्या मतदार यादीत आहे. चालेल का? सूचक (अर्जावर नाव सुचवून सही करणारे मतदार) किती लागतात, अनामत किती, आणि चिन्हाचं काय?

सूचक_अकरावा :
यादीतलं नाव दुसरीकडे असलं तरी चालतं. फक्त त्या यादीच्या संबंधित भागाची प्रमाणित प्रत अर्जासोबत जोडा, किंवा उशिरात उशिरा छाननीच्या वेळी हजर करा. वय २५ पूर्ण हवं. अनामत २५,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२,५००.

खरी गोम सूचकांत आहे. मान्यताप्राप्त पक्षाला एक सूचक पुरतो, तुम्हाला १० लागतील, आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. उमेदवारी अर्ज म्हणजे नमुना २अ, त्यात भाग १ मान्यताप्राप्त पक्षांसाठी आहे, तुम्ही भाग २ भरायचा. घाईत भाग १ भरून बसणारे दरवेळी निघतात. प्रत्येक सूचकासमोर यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक ताज्या यादीवरूनच उतरवा. पुरवणी यादीत नाव वगळलं गेलं असेल तर दहाचे नऊ होतात आणि छाननीत अर्ज जातो. कोणी अंगठा लावणार असेल तर त्याला निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर न्या, घरून आणलेला अंगठा चालत नाही.

म्हणून एका अर्जावर थांबू नका. चार संच भरता येतात, अनामत एकदाच. दुसऱ्या संचावर वेगळे दहा सूचक घ्या.

शपथपत्र म्हणजे नमुना २६, नोटरी केलेलं. एकही रकाना कोरा सोडू नका. 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं लिहा, नुसती आडवी रेघ मारू नका. अर्ज दिल्यावर उमेदवाराने राज्यघटनेशी निष्ठेची शपथ लगेच तिथेच घ्यावी. छाननीच्या दिवशी घेतलेली शपथ उपयोगाची नाही.

मुक्तचिन्ह :
एबी फॉर्म राहिला, म्हणजे हा आमचाच उमेदवार असं सांगणारे पक्षाचे कागद. अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत, पदाधिकाऱ्याच्या शाईच्या सहीचे मूळ कागद पोचले पाहिजेत. झेरॉक्स चालत नाही. नाही पोचले तरी दहा सूचकांच्या बळावर उमेदवार अपक्ष म्हणून टिकतो, पण पक्षाचं नाव आणि समान चिन्ह (पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मिळणारं एकच चिन्ह) हातचं जातं.

समान चिन्हासाठी पक्षाने आयोगाकडे अधिसूचनेच्या आधीच अर्ज करायचा असतो. ते नसेल तर मुक्त चिन्हांपैकी तीन पसंतिक्रमाने लिहा. तेच चिन्ह अपक्षाने मागितलं तर साधारणपणे नोंदणीकृत पक्षाचं पारडं जड. दोन्ही पक्षांचेच उमेदवार असतील तर चिठ्ठी.

चिन्ह निवडताना दुरून ओळखू येतं का ते बघा. २०२४ ला साताऱ्यात ३२ हजारांवर मतांनी निकाल लागला आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीचं 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह यंत्रावर असताना तसंच दिसणाऱ्या ट्रम्पेटवाल्या अपक्षाला ३७ हजार पडली. सगळी मतं चुकून पडली असं म्हणणं धाडसाचं होईल, पण चर्चा झालीच. उलट बाजूला त्याच वर्षी सांगलीत विशाल पाटील 'लिफाफा' घेऊन अपक्ष निवडून आले. तिथे माघारीची मुदत २२ एप्रिल होती, मतदान ७ मे. चिन्ह घराघरांत पोचवायला एवढेच दिवस मिळतात, तेव्हा छपाईवाला आधी ठरवा.

मतपत्रिकेवर आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग तुम्ही, मग अपक्ष, प्रत्येक गटात वर्णानुक्रमे. वरचा क्रमांक मिळेल या भरवशावर पत्रकं छापून ठेवू नका.

रानवाट :
अनामत वाचायला किती मतं लागतात? आणि खर्चाचं?

वहीखाते :
वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त. १०,८०,००० वैध मतं असतील तर १,८०,००० वर किमान एक. नोटाची मतं या हिशेबात धरत नाहीत.

खर्चाची मर्यादा ९५ लाख. तुमचा तेवढा होणार नाही, पण हिशेबाची वही रिकामी ठेवू नका. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडा. एकाच माणसाला किंवा दुकानदाराला संपूर्ण निवडणुकीत १०,००० च्या वर रोख देता येत नाही. मंडपवाल्याला ६,००० दोनदा दिले की चूक झाली. प्रचारकाळात वही तीनदा तपासायला न्यावी लागते. तिकडे खर्च तपासणाऱ्या सरकारी पथकाने तुमच्या सभेतल्या खुर्च्यासुद्धा मोजून स्वतःच्या वहीत चढवलेल्या असतात, आकडे जुळले नाहीत की नोटीस. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही तर तीन वर्षं निवडणूक लढवता येत नाही. पडलेल्या उमेदवारांना हेच भोवतं, कारण निकाल लागला की वहीकडे कोणी बघत नाही.

सूचक_अकरावा :
मतदान प्रतिनिधींचंही (केंद्रावर बसणारी तुमची माणसं) आत्ताच बघा. केंद्रं दोन हजारांच्या आसपास असतात, तेवढी माणसं छोट्या पक्षाकडे नसतात. जिथे मतं पडतील अशी दोनशे केंद्रं निवडा, तिथल्या प्रतिनिधींच्या नेमणुकीचे नमुना १० सह्या करून तयार ठेवा, आणि संध्याकाळी १७सी ची (केंद्रावर किती मतं नोंदली गेली त्या हिशेबाची) प्रत घेतल्याशिवाय कोणाला केंद्र सोडू देऊ नका.