२००८ च्या वॅगन आरसाठी पुढचे स्ट्रट (स्प्रिंगसोबतचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) कोणते घ्यावेत?

प्रश्न (इंदूर): देवास नाक्याकडे जाताना खड्ड्यात गेल्यावर पुढून खडखड आवाज येतो आणि उजवा स्ट्रट तेलाने ओला दिसतो. मेकॅनिक तेवढा एकच बदलू म्हणतो. तेलाचा घ्यावा की गॅसचा, याबाबत मार्गदर्शन करावे.

उत्तर १: काका, एकच बदलू नका, नवा आणि थकलेला स्ट्रट एका अ‍ॅक्सलवर असल्यास ब्रेक दाबताना गाडीचा तोल दोन्ही बाजूंनी सारखा राहत नाही. वायूच्या दाबामुळे खराब रस्त्यावर आतल्या तेलाला फेस कमी येतो, म्हणून मी गॅसचाच घेईन. दुकानात दांडा खाली दाबून पाहा: गॅसचा असेल तर तो आपोआप वर येतो. बॉडीवर पुसट ओलावा चालतो, ओघळ मात्र चालत नाही.

उत्तर २: वरील मताशी सहमत आहे, परंतु खडखड अनेकदा स्टॅबिलायझर लिंकची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या जोडाची) किंवा वरच्या माउंटची (स्ट्रट बॉडीला जोडणाऱ्या रबरी बैठकीची) असते, तेव्हा ते आधी तपासावे, नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची. जोडी उघडलीच आहे तर माउंट, बेअरिंग, बंपस्टॉप (स्ट्रट पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारे रबर) आणि धूळरोधक रबरही नवे घालावे, कारण मजुरी तीच पडते. स्प्रिंग मात्र स्प्रिंग-कॉम्प्रेसरने (स्प्रिंग आवळून धरणाऱ्या अवजाराने) दाबल्याशिवाय वरचा नट कोणालाही सोडू देऊ नका. (दोरीने बांधून काम उरकणारे महाभाग मी पाहिले आहेत.)

प्रश्नकर्ता: आभारी आहे. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) लागेलच ना?

उत्तर २: होय, स्ट्रट नकलशी (चाक धरणाऱ्या भागाशी) जोडणारे बोल्ट सोडले की कॅम्बर (चाकाचा उभा कल) हलतो.