हुड जोरदार, पण हवा येणार कुठून?
फोडणीचा ठसका घालवायला शेगडीवर ९०० सीएफएमचा (म्हणजे मिनिटाला ९०० घनफूट हवा ओढणारा) हुड घ्या, जितका मोठा तितका बरा, असा सल्ला एकाने दिलाय. हवा बाहेर फेकणारा हुड हवाच, पण तळघरात धुराड्याला जोडलेला जुना गॅस वॉटर हीटर असेल तर आधी तिकडे बघा. इथे अमेरिकेत नवी घरं थंडीसाठी घट्ट बंद केलेली असतात. बाहेर गेली तेवढी हवा कुठून तरी आत येणारच, आणि तिला धुराड्याची वाट सोपी पडते. मग हीटरचा धूर उलटा घरात, त्यात बिनवासाचा, विषारी कार्बन मोनॉक्साइड (सीओ). आयआरसी या इथल्या घरांच्या बांधकाम संहितेत असा हीटर असलेल्या घरांत ४०० सीएफएमपुढच्या हुडला भरपाईच्या हवेची सोय सांगितली आहे, ती याचसाठी.

आम्ही खिडक्या लावून हुड, बाथरूमचे पंखे, ड्रायर सगळं सुरू केलं आणि हीटर पेटल्यावर पाचेक मिनिटांनी त्याच्या धुराड्याच्या तोंडाशी उदबत्ती धरली. धूर आत ओढला जायचा सोडून थेट माझ्या तोंडावर! (देवघरातली उदबत्ती अशी कामी आली.) तेव्हापासून तळणीच्या दिवशी स्वयंपाकघराची खिडकी चार बोटं उघडी असते, आणि झोपायच्या खोल्यांबाहेर सीओ अलार्म लावलेत. बाहेरूनच हवा घेणाऱ्या सीलबंद हीटरला हा त्रास सहसा होत नाही.