ग्रामीण मेडिकल कॅम्पसचा डीन तिथेच राहणारा हवा का?

रानवाट: आत्ताच मीटिंगमधून उठलोय, डोकं तापलंय म्हणून लिहितो. दुर्गम भागासाठी डॉक्टर-नर्स घडवायचे तर त्या कॅम्पसचा प्रमुख तिथेच राहणारा पाहिजे, महिन्यातून एकदा गाडीने येऊन सह्या करून जाणारा नको. कॅनडात नॉर्दर्न ऑन्टारिओ स्कूल ऑफ मेडिसिन २००५ ला सुरू झालं, तेव्हा मोठ्या शहरातल्या कॉलेजची नुसती शाखा नाही काढली, अख्खं कॉलेजच सडबरी आणि थंडर बे मध्ये उभं केलं, दोन्हीत हजारेक किलोमीटर अंतर! आणि पहिले डीन रॉजर स्ट्रॅसर, ऑस्ट्रेलियात ग्रामीण आरोग्य शिकवण्याचंच काम करून आलेले.

हिशेबी: असहमत. माणूस राहतो कुठे यापेक्षा त्याचं चालतं कुठे ते बघा. सीटा, पोस्टी, पैसा सगळं कमिटीत ठरतं. मी जवळून पाहिलेलं सांगतो, तिथेच राहणारा एक प्रमुख होता, रात्री दोनला डिलिव्हरीला धावणारा, पोरांचा लाडका. हॉस्टेलचा निधी ठरला त्या दिवशी साहेब ओपीडीत अडकलेले. निधी गेला दुसरीकडे, पोरं वर्षभर स्टोअररूममध्ये झोपली, सलाईनच्या खोक्यांशेजारी.

रानवाट: अडकला कारण ओपीडी सांभाळायला दुसरा डॉक्टरच दिला नव्हता! पूर्ण वेळ पेशंट बघ, वर उरलेल्या वेळात लीडरशिप कर. शहरातल्या डीनला असं सांगून बघा.

अर्धाकप: हिशेबींना +१. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाने १९७१ पासून तिसऱ्या वर्षाची पोरं नऊ-नऊ महिने छोट्या गावांतल्या डॉक्टरांकडे पाठवली, कारभार विद्यापीठातून. म्हणजे डीन गावात नसला तरी चालतंच की.

रानवाट: चालतं, कारण शिकवणारा गावात होता. ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स विद्यापीठानेही १९९७ ला हेच केलं, पोरं वर्षभर ग्रामीण जीपींकडे, म्हणजे गावातल्या फॅमिली डॉक्टरांकडे. तेव्हा सगळ्यांना वाटलं ही मागे पडणार, पण परीक्षेत मोठ्या हॉस्पिटलवाल्यांपेक्षा पुढे निघाली, २००४ ला ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलंय.

थर्मास: सगळे डॉक्टरांचंच बोलताय म्हणून लिहिते, मी नर्सिंगवाली. आमच्याकडे इंटर्नचा पहिला टाका, हात लटालटा कापतोय, सिस्टरने काही न बोलता त्याचं मनगट धरलं आणि नीडल होल्डर जरासा वळवून दिला, बस, जमलं त्याला. त्या सिस्टरचं नाव फॅकल्टी लिस्टमध्ये नाही, मानधन नाही, लायब्ररीचं लॉगिनसुद्धा नाही. डीन कुठे का राहीना, प्रमोशनला नुसते छापलेले रिसर्च पेपर मोजणार असाल तर तिथे शिकवायला थांबेल कोण?

हिशेबी: हा मुद्दा मान्य, एकदम मान्य. पण प्रमोशनचे नियम बदलायलाही वजनदार माणूसच लागतो ना ताई, परत तिथेच आलो. आणि रानवाट, तो डीन तिकडे राहायला गेला तर त्याच्या बायकोची नोकरी? पोरांची शाळा?

रानवाट: तीच अडचण तिथल्या प्रत्येक डॉक्टरची आहे की, डीनच्या घरी आली म्हणजे निदान अजेंड्यावर तरी येईल. बाकी सोमवारी बोलू, परत मीटिंग आहे, ऑनलाइन. मागच्या वेळी माझी बोलायची पाळी आली आणि नेट गेलं.